वसुलीचा पाहुणा

गावच्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवशी सकाळी बकाराम कापगते धानाच्या तणसाच्या ढिगामागे उकिडवा बसून मोबाइलवर एका बाईच्या विनवण्या करत होता.

"मॅडम, आजचा दिवस सोडा जी. आज घरी पाहुणे येऊन राहिले."

"बकारामजी, हमारे फील्ड ऑफिसर निकल चुके हैं," पलीकडून टीना गोड आवाजात म्हणाली. "आज मिल लीजिए. मेहमानों के सामने ही बात हो जाएगी."

"तेच तं नको न मले!" बकाराम कळवळून म्हणाला, पण तोवर फोन बंद झाला होता.

टीना ही बँकेची वसुलीवाली. बकारामच्या नावाने एक क्रेडिट कार्ड निघालं होतं आणि ते बकारामने जन्मात पाहिलं नव्हतं. त्या कार्डावर देशाच्या पार दुसऱ्या टोकाला कुणीतरी एक एसी, एक भारी मोबाइल आणि एक ट्रेडमिल घेतली होती. एसी आणि मोबाइलचं बकाराम समजू शकत होता. पण ट्रेडमिल म्हणजे काय ते त्याच्या मुलीने, मोनालीने, सांगितलं तेव्हा तो खरा दुखावला. "जागच्या जागी चालाची मशीन? अन माझ्या नावानं? मी रोज शेतात पायी जातो तं मले कोणी चहा बी पाजत नाही!"

या भानगडीचा उगम मागच्या वर्षीच्या मंडईत होता. तिथे एका दुकानात आधारच्या झेरॉक्सवर आणि मशीनवरच्या अंगठ्यावर फुकट टॉर्च मिळत होता. सगळं गाव रांगेत उभं राहिलं आणि बकाराम मध्ये घुसून पुढे गेला. टॉर्च होळीपर्यंतही टिकला नाही, पण अंगठा मात्र कुठल्या कुठे फिरून आला.

मोनाली अर्जुनी मोरगावला संगणकाचे क्लास घ्यायची. तिने गोंदियाच्या सायबर पोलिसांकडे तक्रार केली, बँकेला कागद पाठवले आणि बापाला सांगितलं, "बाबा, तुमी एक रुपया देऊ नका. अन घाबरू बी नका." त्यातलं पहिलं बकारामला जमत होतं. रुख्माला, म्हणजे बायकोला, त्याने काहीच सांगितलं नव्हतं. रुख्मा मनाने लाख चांगली, पण सकाळी तिच्या कानात गेलेली गोष्ट दुपारी बोअरिंगवर पाणी भरणाऱ्या सगळ्या बायांना पाठ झालेली असे.

आणि आज तर ती गोष्ट फुटून चालणारच नव्हती. आज मोनालीला पाहायला मुलाकडचे येणार होते.

झाडीपट्टीत मुलगी पाहायला येतो असं कुणी सरळ म्हणत नाही. गावची मंडई असली की पाहुणे मंडईला येतात. दुकानं बघतात, जेवतात, आणि जमलंच तर मुलगीही बघून जातात. जमलं नाही तर मंडई पाहिली म्हणायचं, कुणाचा अपमान नाही. म्हणूनच मंडईच्या दिवशी दारात आलेल्या माणसाला 'आपण कोण, कशासाठी आलात' असं विचारायची रीत नाही. आधी पाय धुवायला पाणी, मग चहा, मग जेवण. नाव हळूहळू कळतंच.

मुलगा दुर्गेश डोंगरवार, पतसंस्थेत नोकरीला, गाव प्रतापगडच्या बाजूचं. रुख्माच्या भावाने फोनवर बजावलं होतं, "पोराचा बाप गुलाबचंद लय हिशोबी माणूस आहे. दोन ठिकाणाहून चहा पिऊन वापस आला. घरात कर्ज, भानगड, कोर्टकचेरी काहीच नाही पायजे त्याले." मुलाचा फोटोही आला होता. त्यात धबधबा स्पष्ट दिसत होता, मुलगा नव्हता. तरीसुद्धा आजवर तीन मुलांना नाक मुरडणारी मोनाली या मुलाशी फोनवर बोलल्यापासून झाडलेलं अंगण पुन्हा झाडत होती. बकारामने ते पाहिलं होतं, आणि म्हणूनच तो जास्त धास्तावला होता. आपल्या एका टॉर्चपायी पोरीचं जमतं-जमतं मोडलं तर?

त्याने ठरवलं, वसुलीवाल्याला गावाच्या वेशीवरच गाठायचं आणि तिथूनच परत धाडायचं. "बैलायले पाहून येतो," असं रुख्माला सांगून तो गावाच्या पाटीजवळ जाऊन उभा राहिला.

थोड्याच वेळात एका मोटारसायकलवरून दोघेजण आले. इस्त्रीचे शर्ट, काखेत काळी बॅग. वसुलीवाले जोडीनेच फिरतात, असं बकारामने ऐकलेलं होतं.

"बकाराम कापगतेचं घर कोणतं जी?" त्यातल्या वयस्काने विचारलं.

"घर कायले पायजे? मीच बकाराम."

"अरे वा! तुमच्याकडेच येऊन राहिलो न आमी."

"मालूम आहे मले. पण गावात नको. आधी शेतात चला."

तो वयस्क माणूस म्हणजे साक्षात गुलाबचंद डोंगरवार, आणि मागे बसलेला दुर्गेश. दुर्गेशची आई सावित्रीबाई मंडईत बांगड्यांच्या दुकानाशी अडकली होती, म्हणून बापलेक पुढे आले होते. घराआधी शेत दाखवणारा माणूस गुलाबचंदला एकदम पसंत पडला. असा रोखठोक सोयरा हल्ली मिळतो कुठे!

शेतावरच्या बांध्यांमध्ये धान कापणीला आलं होतं. गुलाबचंदने कमरेवर हात ठेवून समाधानाने पाहिलं.

"ह्या बांध्या सगळ्या तुमच्याच का जी?"

"माझ्या काऊन? भावाच्या," बकाराम तडकाफडकी म्हणाला. जप्ती येते ती जमिनीवर, एवढं त्याला ठाऊक होतं.

"अन हा बोअर?"

"तो बी त्याचाच."

"बैलजोडी तरी?"

बकारामचा आवाज ऐकून झाडाखालचे दोन्ही बैल मान हलवत त्याच्याकडे सरकू लागले होते. बकारामने त्यांच्याकडे पाठ फिरवली. "मी ओळखत नाही यायले."

एका बैलाने त्याच्या खांद्यावर तोंड ठेवलं. बकारामने ते झटकलं आणि बैल ते पुन्हा ठेवू लागला.

"मंग तुमचं काय आहे?" गुलाबचंदच्या कपाळावर आठी उमटली.

"अंगावरचा सदरा. घर पाहाले तं येऊच नका. भिताडं आहेत नुसते. उगाच तुमच्या डोक्यावर काही पडल."

 हिशोबी असला तरी गुलाबचंद वाईट माणूस नव्हता. शिवाय मुलीशी बोलल्यापासून दुर्गेश घरात गाणी गुणगुणत होता, ते त्याच्याही कानावर होतं. तो समजुतीने म्हणाला, "राहू द्या. आमाले धनदौलत नाही पायजे जी. तुमची पोरगी चांगली आहे, बस्स झालं."

बकारामच्या डोक्यात सणक गेली. वसुलीवाले बायापोरींना धमकावतात, हेही त्याने ऐकलेलं होतं. "पोरीचं नाव घ्याचं नाही!"

"आँ? मंग कोणाचं घ्याचं?"

"पोरीचा याच्यात काहीच संबंध नाही!"

"तिचाच तं संबंध आहे न जी!"

"काही नाही! न्याचंच असल तं मले न्या! मी आत्ता चलतो!"

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दुर्गेशने बकारामला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि अगदी मनापासून विचारलं, "पण तुमाले नेऊन आमी काय करू, मामाजी?"

तिकडे घरी निराळाच सोहळा चालला होता. खरा वसुलीवाला हिमांशू, गोंदियाचा पोरगा, मोबाइलच्या नकाशावर विसंबल्यामुळे नहराच्या रस्त्याने फिरून गावाच्या मागच्या बाजूने आला होता. अंगणात त्याची गाडी थांबली तशी रुख्मा पाण्याचा तांब्या घेऊन धावली. गोरा रंग, नीट भांग, पाठीला बॅग. धबधब्यात असाच दिसत असणार!

"बकारामजी हैं क्या? मैं बँकेकडून आलो," हिमांशू म्हणाला.

"मालूम आहे जी, मालूम आहे!" पतसंस्थेलाही बँकच समजणारी रुख्मा म्हणाली. "आधी पाय धुवा."

हिमांशूने आजवर वसुलीला गेल्यावर कुत्री पाहिली होती, बंद दारं पाहिली होती, आणि एका ठिकाणी तर घरमालक छपरावर चढलेला पाहिला होता. पाय धुवायला पाणी त्याला पहिल्यांदाच मिळत होतं. पाठोपाठ लाखोरीच्या डाळीचे गरम वडे आले. तो सकाळपासून उपाशी होता. दोन वडे खाल्ल्यावर त्याला आपल्या कामाची लाज वाटली, पण काम ते काम.

"आंटीजी, बुरा मत मानना," तो चाचरत म्हणाला. "वो एसी कुठे लावला?"

रुख्मा दचकली. भाऊ तर म्हणाला होता, मुलाकडच्यांना काहीच नको. पण पहिल्याच भेटीत नाही म्हणायला ती काही हलक्या घरची नव्हती. "एसीचं काय, देऊ न! तुमी सांगा, कोठं लावाचा."

हिमांशूने वडा खाली ठेवला. "देंगे? म्हणजे पूरा?"

"मंग अर्धा एसी कोणी देते का?"

"अन वो मोबाइल? बहुत महंगावाला है."

 दिसतो गरीब, पण पोरगा भलताच मागता निघाला! तरी रुख्मा हसून म्हणाली, "तो बी देऊ. पोरगी एकच आहे आमाले."

पोरीचा आणि मोबाइलचा मेळ हिमांशूला लागला नाही, पण वसुली होत असताना नसत्या चौकशा करू नयेत, असं त्याच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. त्याने भराभर टॅबवर लिहून घेतलं. "और ट्रेडमिल?"

"ते काय राहते?"

"चलने की मशीन. घर के अंदर चलना पड़ता है उसपर."

रुख्माने काळजीने त्याच्या पायांकडे पाहिलं. पाय धुताना तर सरळ वाटले होते. "तुमाले बाहेर चालता येत नाही का जी?"

"मुझे आता है. ये तो आपके लिए है."

"माझ्यासाठी?" रुख्मा विरघळली. सासूचा एवढा विचार करणारा जावई! "देऊ, तेही देऊ. तिन्ही वस्तू एकसंगच देऊ."

"आंटीजी, तारीख सांगा फक्त," हिमांशू टॅब पुढे ओढत म्हणाला. इतकी सरळ माणसं त्याने नोकरीत पाहिली नव्हती.

"तारीख मी कशी सांगू? भटजीले विचारूनच काढा लागते न."

भटजीला विचारून बँकेचे पैसे भरणारं घराणं! हिमांशूने श्रद्धेने तेही लिहून घेतलं. इतक्यात पदर सावरत मोनाली चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिने पाहुण्याकडे पाहिलं, त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं, आणि ट्रे तसाच खाली ठेवला.

"आई, हे कोण?"

रुख्माने डोळे वटारले. असं विचारतात का! पण मोनालीने सरळ त्यालाच विचारलं, "तुमी कार्डाच्या वसुलीसाठी आले न?"

"हाँ मॅडम. आणि समजो हो ही गई. आंटीजी ने सब मान लिया. एसी, मोबाइल, ट्रेडमिल."

"आई! तू मान्य केलं?"

"मी देतो म्हणलं," रुख्मा गोंधळून म्हणाली. "घेतलं म्हणून कोठं म्हणलं? अन कोणतं कार्ड?"

मग मोनालीने सगळं सांगितलं. टॉर्च, अंगठा, टीना, सगळं. हिमांशूला तक्रारीचा नंबर दाखवला, बँकेला पाठवलेले कागद दाखवले, आणि हात धरून घरभर फिरवून विचारलं, "दाखवा, कोठं आहे एसी?" हिमांशू फिरून आला आणि डोकं खाजवत खाली बसला. "टॉर्चवाला केस है न? आमच्या सिस्टिममध्ये तुमची कंप्लेंट आलीच नाही, मॅडम. इस इलाके में ऐसे बहुत निकले. अंकलजी का बयान और घर का फोटो, बस. केस बंद."

रुख्माला बँकेचं काही नव्हतं. तिचं दुःख वेगळंच होतं. "एवढं झालं अन माझ्या नवऱ्यानं मलेच सांगतलं नाही! मी कोणाले सांगतो का कधी?" हे तिने इतक्या मोठ्याने म्हटलं की शेजारच्या दोन बाया कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

त्याच वेळी हातभर नव्या बांगड्या भरलेल्या एक बाई फाटकातून आत आल्या. "हे कापगतेचं घर न? मी दुर्गेशची आई, सावित्रीबाई. आमचे दोघं केव्हाचे पुढे आले. पोचले नाहीत का?"

मोनालीने आईकडे पाहिलं. आईने मोनालीकडे पाहिलं. आणि उत्तर रस्त्यावरूनच आलं. शेताच्या बांधावरून मोटारसायकल ढकलत आणून लालबुंद झालेला गुलाबचंद, त्याच्या मागे हसू दाबणारा दुर्गेश, आणि सगळ्यांत मागे, खांद्यावर बैलाची लाळ घेऊन, बकाराम. "मी सांगून राहिलो न, घरात काहीच नाही! बाहेरूनच पाहा!"

"चल, सावित्री," गुलाबचंद म्हणाला. "लगनाचं बोलाले आलो तं हा माणूस म्हणते, पोरगी नाही भेटत, मले न्या."

 बकारामने गुलाबचंदकडे पाहिलं, मग ओट्यावर वडा खाणाऱ्या हिमांशूकडे पाहिलं. हिमांशूने नम्रपणे हात जोडले. बकाराम मटकन जमिनीवर बसला.

"बांध्या माझ्याच आहेत जी," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "बैल बी माझेच. मी तुमाले बँकेवाले समजलो."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मोनालीने पुन्हा एकदा पहिल्यापासून सगळं सांगितलं, तेही मान वर करून. दुर्गेश तिच्याकडे बघत ऐकत होता. गुलाबचंदने मात्र वडा, चहा सगळं घेतलं आणि मान हलवायला सुरुवात केली.

"नाही जमत जी. पोरगी हुशार आहे, मी नाही म्हणत नाही. पण कार्ड म्हणजे भानगडच. उद्या आमच्या दारात वसुलीवाला उभा राहिला तं लोकं का म्हणतील? माणसानं आपला अंगठा सांभाळाले पायजे. कोणी टॉर्च देते म्हणून अंगठा द्याचा का?"

"यायले कोणी फसवू शकत नाही," सावित्रीबाई अभिमानाने म्हणाल्या. "लसूण घेतला तरी दुकानदाराले रडवतेत."

बकारामने मान खाली घातली. रुख्माने पदर डोळ्यांना लावला. मोनाली रिकामे कप उचलू लागली आणि ती आता आपल्याकडे बघत नाही, हे दुर्गेशला दिसलं. तो काही बोलणार, तेवढ्यात हिमांशू उठला. त्याने बकारामचं बयान लिहून घेतलं, एसी नसलेल्या भिंतीचे फोटो काढले आणि बॅग पाठीला लावली.

"हो गया अंकलजी, तुमचं काम झालं. आता कोणी फोन नाही करणार. बस मला पुढचा रस्ता सांगा. आज अजून एक टॉर्चवालाच आहे, प्रतापगड साइड." त्याने टॅबवर बोट फिरवलं. "गुलाबचंद डोंगरवार."

 कुंपणापलीकडच्या बाया अजून पुढे सरकल्या. गुलाबचंदच्या घशात वडा अडकला आणि दुर्गेशने शांतपणे त्याला पाणी दिलं.

"का घेतलं यायनं?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"एक फ्रिज, और एक वॉशिंग मशीन. बडीवाली."

"वॉशिंग मशीन?" सावित्रीबाई नवऱ्याकडे वळल्या. त्यांच्या बांगड्या खळखळल्या. "अन मी तलावाच्या दगडावर लुगडे आपटून राहिलो! कोठं आहे मशीन?"

"माझ्याजवळ नाही न, सावित्री! मी तं तुले सांगणारच होतो..." गुलाबचंदने हताश होऊन चौफेर पाहिलं. या अंगणात आपलं दुःख समजू शकेल असा एकच माणूस आहे, हे त्याला कळलं. तो बकारामजवळ जाऊन खाली बसला आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "इवाई, ते टीना मॅडम तुमच्यावर बी सकाळीच ओरडते का जी?"

रुख्माने टीना ऐकलं नाही, ओरडणं ऐकलं नाही. तिने फक्त 'इवाई', म्हणजे व्याही, एवढंच ऐकलं आणि तोंड गोड करायला साखर आणण्यासाठी ती आत पळाली. सावित्रीबाई हिमांशूला वॉशिंग मशीनचा रंग विचारत होत्या.

या गोंधळात दुर्गेश हळूच मोनालीजवळ येऊन उभा राहिला. "सायबरची तक्रार कशी करा लागते?" त्याने विचारलं.

पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसणं शक्यच नव्हतं. मोनालीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. तो अगदी निरागस चेहरा करून उभा होता.

"लय वेळ लागते," ती म्हणाली. "आधी ऑनलाइन कराची, मंग गोंदियाले जाऊन सही कराची. आमच्या बाबाचं पाहा न, दिवाळीच्या आधीपासून चालू आहे."

"असं?" दुर्गेशने खुर्ची ओढली. "मंग मी बसतोच."